विषाणूंतील कर्कजनुके आणि रक्तजनक पेशींचे रूपांतरण

बीजसंज्ञा : रेट्रोव्हायरस, कर्कजनुक, रक्तजनक पेशी, विभेदन, टायरोसिन कायनेज

प्रस्तावना

कोपनहेगन येथील विल्हेल्म एलरमन व ओलुफ बांग यांनी १९०८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या कोंबड्यांच्या ऊतींचा पेशीविरहित अर्क निरोगी कोंबड्यांना टोचला असता त्यांनाही तोच रोग जडला. त्या काळी ल्युकेमियाची गणना कर्करोगात होत नसल्याने या प्रयोगाचे महत्त्व तत्काळ ध्यानात आले नाही. मोजकी जनुके असलेला विषाणू रक्तजनक पेशीचे वर्तन कायमचे कसे बदलतो, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखात मांडले आहे.

रक्तनिर्मितीचे नियमन

अस्थिमज्जेतील मूळ पेशींपासून पूर्वज पेशी व त्यांपासून विविध रक्तपेशी तयार होतात. या प्रवासात विभाजन व विभेदन या दोन क्रियांचा मेळ असतो. पेशी जसजशी परिपक्व होते, तसतशी तिची विभाजनक्षमता सामान्यतः कमी होत जाते. तीव्र ल्युकेमियात हा मेळ तुटतो आणि पेशी अपक्व अवस्थेतच विभाजित होत राहते.

कर्कजनुकाचे मूळ

रेट्रोव्हायरस आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करून तो यजमान पेशीच्या डीएनएमध्ये समाविष्ट करतो. या प्रक्रियेत क्वचित प्रसंगी पेशीचे एखादे जनुक विषाणूत ओढले जाते. स्टेहेलिन, व्हार्मस, बिशप व व्होग्ट यांनी १९७६ मध्ये दाखविले की, रौस सार्कोमा विषाणूतील कर्कजनुकाशी साम्य असलेला डीएनए निरोगी पक्ष्यांच्या पेशींतही असतो. या शोधासाठी बिशप व व्हार्मस यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूत गेलेल्या जनुकाचा नियंत्रक भाग बहुधा गळून पडतो किंवा बदलतो आणि विषाणूच्या प्रभावी नियंत्रणाखाली त्याचे प्रथिन अमर्याद तयार होते.

रूपांतरणाचे दोन मार्ग

कोंबड्यांतील एरिथ्रोब्लास्टोसिस विषाणूत अशी दोन जनुके आढळतात. ‘एर्ब-बी’चे प्रथिन हे वाढघटकाच्या ग्राहीचे खंडित रूप होय. त्याचा बाह्य भाग नष्ट झाल्याने संदेश आला नसतानाही ते विभाजनाची आज्ञा देत राहते. ‘एर्ब-ए’ हे थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीचे बदललेले रूप असून, लाल पेशी परिपक्व होण्यास आवश्यक असलेल्या जनुकांना ते दडपून टाकते. पहिले जनुक विभाजनास चालना देते, तर दुसरे परिपक्वतेची वाट अडविते.

एबीएल : उंदरापासून रुग्णापर्यंत

एबेलसन व रॅबस्टीन यांनी १९७० मध्ये उंदरांत ल्युकेमिया निर्माण करणारा एक विषाणू वर्णिला. त्यातील ‘एबीएल’ जनुकाचे प्रथिन टायरोसिन कायनेज, म्हणजे अन्य प्रथिनांतील टायरोसिनला फॉस्फेट गट जोडणारा विकर आहे. मूळ प्रथिनाचा आत्मनियंत्रक भाग जाऊन त्या जागी विषाणूच्या प्रथिनाचा अंश आल्याने हा विकर अखंड कार्यरत राहतो. परिणामी बी-लिंफपेशींच्या पूर्वज पेशी अपक्व अवस्थेत अडकून विभाजित होत राहतात. इमॅटिनिब या द्रव्याने विकराला रोखल्यास विभाजन थांबते व अडलेले विभेदन पुढे सरकू लागते.

मानवातील चिरकारी मायलॉइड ल्युकेमियात विषाणूचा सहभाग नसतो. तथापि घडते ते याच स्वरूपाचे. नोवेल व हंगरफोर्ड यांनी १९६० मध्ये या रुग्णांत एक लहान गुणसूत्र पाहिले. ते ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून बनते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखविले. त्यामुळे ‘एबीएल’ हे ‘बीसीआर’ जनुकाला जोडले जाते व त्याचा विकर अनियंत्रित होतो. त्याला रोखणाऱ्या इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि पूर्वी बहुधा प्राणघातक ठरणारा हा रोग अनेक रुग्णांत दीर्घकाळ आटोक्यात राहू लागला.

मर्यादा व समारोप

हे स्पष्टीकरण सर्व विषाणूंना लागू पडत नाही. मानवी टी-पेशींत ल्युकेमिया निर्माण करणाऱ्या एचटीएलव्ही-१ चे ‘टॅक्स’ जनुक पेशीकडून घेतलेले नसून विषाणूचे स्वतःचे आहे. संसर्गानंतर रोग प्रकट होण्यास अनेक दशके लागतात व बहुसंख्य संसर्गितांना तो होतही नाही. म्हणून ‘विषाणूमुळे कर्करोग होतो’ एवढे विधान अध्यापनात पुरेसे नाही. पेशीचेच जनुक नियंत्रण गमावल्यावर तिच्यावर कसे उलटते, हे विद्यार्थ्यांना उमगले, तर कोंबड्या व उंदरांवरील संशोधनातून मानवी रोगावरील उपचाराची दिशा कशी मिळाली, हेही त्यांना समजेल.