पैसे घेताना ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहिलंत का?

कर्जत : प्रोटेस्ट म्हटलं की आपल्याला मोर्चा आठवतो. झेंडे, घोषणा, प्रांत ऑफिससमोरचं उपोषण. पण भूसंपादनाच्या कागदावर या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. एक्स्प्रेसवे आणि पनवेल-कर्जत रेल्वेमार्गामुळे कर्जत-खालापूरला जमिनीच्या नोटिसा नव्या नाहीत, तरी असे इंग्रजी शब्द अजून घोळ घालतात.

नोटीस आल्यावर ‘जमीन घेऊ नका’, ‘क्षेत्र चुकलंय’ असं लेखी कळवणं म्हणजे ऑब्जेक्शन, आपली हरकत. 2013 च्या भूसंपादन कायद्यात त्याला प्राथमिक अधिसूचनेपासून 60 दिवस मिळतात.

डिस्प्यूट बहुतेक वेळा घरातलाच असतो. सातबारावर पाच नावं, भावाभावांत वाटप नाही, बहिणीचं हक्कसोड नाही. हिश्शाचा असा वाद असला की रक्कम कुणाच्या हातात न देता प्राधिकरणाकडे जमा करतात. तेव्हा दर कमी वाटतो म्हणून अर्जात नुसतं ‘डिस्प्यूट आहे’ लिहू नका, भलताच अर्थ निघायचा.

खरी मेख प्रोटेस्टमध्ये आहे. निवाडा झाला, रक्कम कमी आली, मग पैसे घ्यायचे की नाही? खुशाल घ्या. पण पावतीवर सहीजवळ ‘अंडर प्रोटेस्ट’ किंवा मराठीत ‘रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारली’ असं लिहा. काही न लिहिता पैसे उचलले, तर कलम 77 प्रमाणे वाढीव मोबदल्यासाठी कलम 64 चा अर्ज करता येत नाही. चेक हातात पडायच्या आनंदात माणूस दाखवतील तिथे सही करतो, आणि तिथेच फसतो.

नुसतं लिहूनही भागत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर 6 आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा लागतो. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून 6 आठवडे किंवा निवाड्यापासून 6 महिने, यातली जी मुदत आधी संपेल ती. या अर्जाला आपल्याकडे सर्रास अपील म्हणतात, पण तो रेफरन्स. अपील पुढचं, प्राधिकरणाच्या निकालावर हायकोर्टात.

नोटीस कोणत्या कायद्याखाली आलीय ते आधी वाचा. रेल्वेच्या कायद्यात हरकतीला 30 दिवस, राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात 21 दिवसच आहेत, आणि मोबदल्याचा वाद तिथे लवादाकडे जातो. अर्ज कुठेही द्या, आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.