कोळंबीचे बीज तपासूनच तळ्यात सोडावे

मनोरीच्या खाडीकाठच्या लोकांस कोळंबी नवी नाही. परंतु खाडीत मिळणारी कोळंबी व तळ्यात वाढविलेली कोळंबी यांत मोठा फरक आहे. तळ्यात हजारो जीव दाटीने वाढत असल्याने एकाचा रोग इतरांस लागण्यास वेळ लागत नाही.

अशा रोगांपैकी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अत्यंत घातक होय. हा विषाणूजन्य रोग १९९२ च्या सुमारास पूर्व आशियात उद्भवला व १९९४ मध्ये भारतात आढळला. रोगट कोळंबी खाणे सोडते, काठाशी येते, कवचावर ठिपके दिसतात आणि ३ ते १० दिवसांत संपूर्ण तळे रिकामे होऊ शकते. माणसास या विषाणूपासून अपाय होत नाही. परंतु कोळंबीस वाचविणारे औषधही नाही.

विषाणू अल्प प्रमाणात असलेले बीज वरून निरोगीच दिसते. म्हणून पी. सी. आर. चाचणीत विषाणूच्या जनुकद्रव्याचा शोध घेतात. सुमारे ९५ अंश सेल्सिअस उष्णतेने त्याचे दोन धागे सुटे होतात. तापमान उतरविल्यावर याच विषाणूशी जुळणारे लहान तुकडे त्यांस चिकटतात व ७२ अंशांवर एक विकर त्यांपुढे नवे धागे जोडते. प्रत्येक फेरीत संख्या दुप्पट होते. हिशेबाने ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. अशा रीतीने अदृश्य शत्रू प्रकट होतो.

नमुना मात्र पुरेसा हवा. शेकडा २ पिल्ले बाधित असल्यास, १५० पिल्ले घेतली असता त्यांत निदान एक बाधित पिल्लू येण्याची शक्यता सुमारे शेकडा ९५ असते. पाच-दहा पिल्लांवरून निर्वाळा देणे धोक्याचे आहे.

तळ्याकाठी वापरता येणाऱ्या चाचणी-पट्ट्याही निघाल्या आहेत. विषाणू असल्यास पट्टीवर रंगीत रेघ उमटते. जैवसंवेदक नावाची साधने हीच खूण विद्युत्-संकेतात बदलतात. पट्टी त्वरित उत्तर देते. परंतु अल्प लागण ओळखण्यात पी. सी. आर. सरस ठरते.

शुद्ध बीज सोडले म्हणजे काम संपले असे नव्हे. खाडीतील खेकडे स्वतः न मरता हा विषाणू बाळगू शकतात. यास्तव पाणी बारीक जाळीतून गाळून व निर्जंतुक करून घ्यावे, बांधाभोवती खेकड्यांस अडथळा करावा आणि रोगट तळ्याचे पाणी निर्जंतुक केल्यावाचून खाडीत सोडू नये. मार्गदर्शनासाठी वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था मनोरीपासून दूर नाही. तपासणीचा खर्च थोडा, परंतु न तपासलेल्या बीजापायी सारा हंगाम बुडू शकतो, हे प्रत्येक कोळंबी-संवर्धकाने ध्यानी ठेवावे.