मैदानावरचा फलक आणि तिकिटाचा हक्क

हिवाळा लागला की वसई-विरारची मैदाने क्रिकेटच्या स्पर्धांनी गजबजून जातात. बहुतेक चषकांना कोणा ना कोणा पुढाऱ्याचे नाव असते आणि सीमारेषेवर त्याच पुढाऱ्याची हात जोडलेली छबी झळकत असते. खेळात राजकारण शिरल्याची तक्रार तेव्हा कोणी करीत नाही. मात्र टँकरच्या पाण्याला कंटाळलेल्या एखाद्या रहिवाशाने तेथेच पुठ्ठ्याचा फलक धरला, तर 'येथे राजकारण नको' असे त्याला तत्काळ बजावले जाईल. तेव्हा आक्षेप राजकारणाला नसून फुकटच्या राजकारणाला आहे, असा निष्कर्ष अर्थशास्त्राच्या अध्यापकाने काढल्यास तो वावगा ठरू नये.

निषेधाचे सर्वच प्रकार एका मापाने मोजता येत नाहीत, हे खरे. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी खोदली आणि पाकिस्तानी संघाचा दौरा रद्द झाला. सामना पाहू इच्छिणाऱ्या हजारोंची निवड त्यांना न विचारता मूठभरांनी हिरावून घेतली. याउलट १४ जानेवारी २०२० रोजी त्याच वानखेडेवर भारत-ऑस्ट्रेलिया सामना चालू असताना काही तरुण उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर एकेक अक्षर होते. ती अक्षरे जुळवली की नागरिकत्व सुधारणा कायद्याला व नागरिक नोंदवहीला नकार वाचता येत होता. एकही चेंडू त्यामुळे थांबला नाही. त्यांचे मत पटो वा न पटो, त्यांनी कोणाचे काय हिरावले? त्याआधी नऊच दिवस गुवाहाटीत मात्र फलकबंदीच्या धास्तीपोटी चौकार-षटकारांचे पुठ्ठेही वर्ज्य ठरविण्यात आले होते! (तो सामना अखेर ओल्या खेळपट्टीमुळेच रद्द झाला.)

१९८१ साली न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे निदर्शक मैदानात घुसले आणि दक्षिण आफ्रिकेचा रग्बी सामना रद्द करावा लागला. तेथे माझा निकष थोडा अडखळतो. परंतु तो अन्याय खेळाबाहेरचा नव्हता. वर्णभेदामुळे त्या खेळातील संधीच विषम झाली होती. त्याच कारणास्तव १९७४ मध्ये भारताने डेव्हिस चषकाची अंतिम लढत सोडून दिली. त्या राजकारणाचा आपण आजही अभिमान बाळगतो.

स्टेडियम ही खाजगी जागा आहे, तेथे मालकाचा नियम चालणार, असा युक्तिवाद होतो. वस्तुतः वानखेडेची जमीन राज्य शासनाची असून ती भाडेपट्ट्याने दिलेली आहे. सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्कही शासनाने २०२३ मध्ये बरेच कमी केले. म्हणजे तो भार अंशतः सामना न पाहणाऱ्या करदात्यावरही पडला. सार्वजनिक साधनांवर उभ्या राहिलेल्या या जागेत जाहिरातदाराचा फलक चालतो, प्रेक्षकाचा चालत नाही. मागच्याची दृष्टी अडू नये आणि खेळात व्यत्यय येऊ नये, एवढ्या दोनच अटी तिकिटाच्या पाठीवर स्पष्ट छापाव्यात. त्या पाळणाऱ्याच्या पुठ्ठ्यावर काय लिहिले आहे, हे वाचून त्याला बाहेर काढण्याचा अधिकार दरवाजावरील रखवालदाराला असू नये.