गल्लीतल्या गाड्यांची दहा वर्षं

२०१५च्या जूनअखेरीस पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये एका रात्रीत ८०हून अधिक गाड्या जाळल्या गेल्या. आमची बावीस घरांची कॉलनी त्याच बाजूला. त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा सगळे एकत्र बसलो. कोणती गाडी कुणाची, हे शेजाऱ्यालाही माहीत नसल्याचं तेव्हा कळलं. वर्गणी काढून चार कॅमेरे बसवले. पहाटे येणाऱ्या दूधवाल्यांची आणि पेपर टाकणाऱ्या मुलांची वहीत सही घ्यायची, असंही ठरलं. मीही त्याला हात वर केला होता.

पुढच्याच पावसाळ्यात शेजारच्या काकांची स्प्लेंडर गेली. काका गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत, हत्यारांची पिशवी टाकीवर ठेवून गावभर फिरत. हँडल लॉक एका हिसक्यात तुटतं आणि जुन्या गाडीला कुठलीही झिजलेली किल्ली चालते, हे त्यांनीच मला समजावलं. तक्रार द्यायला गेलो, तर आधी आसपास शोधा, असं सांगून परत पाठवलं. गुन्हा नोंदवून फुटेज मागेपर्यंत अठरा दिवस उलटले होते आणि आमचा डीव्हीआर पंधरा दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवं भरत होता. कॅमेरे बसवताना हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यात चोरीची भरपाई नसते. काही महिन्यांनी ‘अ’ समरी आली: गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. त्या वर्षी काका कामाला बसने जात. लांबची कामं सुटली ती सुटलीच.

लॉकडाउननंतर चोरीची तऱ्हा बदलली. शाळा बंद, त्यामुळे मुलांना नेणारी ईको महिनोन्‌महिने भिंतीला लागून उभी होती. एका सकाळी चालू केली तर ट्रॅक्टरसारखी गरजली. खालचा सायलेन्सर कापून नेला होता. धूर स्वच्छ करणाऱ्या त्यातल्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि त्या काळात या धातूंचे भाव फार चढले होते. आधीच कमाई थांबलेल्या त्या चालकाला नवा सायलेन्सर परवडेना.

त्यानंतर कोपऱ्यावरचा बंद दिवा पाठपुरावा करून लावून घेतला, रेकॉर्डिंग महिनाभर राहील असं केलं. कॅमेऱ्यांविरुद्ध माझं काही नाही. पण ते झालेलं दाखवतात. होत असताना थांबवायला माणूस लागतो. २०२३मध्ये पहाटे पावणेपाचला दोन अनोळखी मुलं एका स्कूटरशी झटत होती. पेपर टाकणाऱ्या मुलाने ते पाहिलं आणि ओळीने पाच घरांच्या बेल वाजवल्या. मुलं पळाली, स्कूटर राहिली.

आठ वर्षं आम्ही पेपर टाकणाऱ्या याच मुलांना फाटकाशी अडवून सह्या घेत होतो. पुढच्या रविवारी काकांनी ती वही उचलून कपाटात टाकली. आता पावणेपाचला फाटक तेच उघडतात आणि त्या मुलाची सायकल त्यांच्या रिकाम्या पार्किंगमध्ये लागते.