मेश राउटर घेताय? आधी हे ऐका

हॉलमध्ये नेट सुसाट, पण आतल्या खोलीत इंटरव्ह्यूचा कॉल अडकतो. मग बरेच जण खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघून मेश घेतात. तो आकडा म्हणजे सगळ्या बँडच्या वेगांची बेरीज. एका फोनला तेवढा वेग मिळत नाही.

मी आधी एकच बघतो: दोन युनिट आपसात बोलतात कसे? याला म्हणतात बॅकहॉल. साध्या ड्युअल-बँड सेटमध्ये बहुतेक वेळा एकच ५ गिगाहर्ट्झचा बँड तुमचा फोनही सांभाळतो आणि मुख्य युनिटशीही बोलतो. त्यामुळे दुसऱ्या युनिटजवळ वेग निम्म्यावर येऊ शकतो. ट्राय-बँडमध्ये या कामाला वेगळा बँड मिळू शकतो. पण सगळ्यात भरवशाची लॅन केबलच. म्हणून प्रत्येक युनिटला गिगाबिट पोर्ट आहे ना, ते तपासा.

केबल टाकता येत नाही? मग दुसरं युनिट नेट न पोचणाऱ्या खोलीत ठेवू नका, तिथे त्यालाच सिग्नल मिळणार नाही. अर्ध्या वाटेवर ठेवा.

आणि वन बीएचके असेल, तर आधी राउटर टीव्हीमागून काढून मोकळ्या, उंच जागी ठेवून बघा. कदाचित खर्चच वाचेल!