बोटीवरची पंगत

बालमित्रांनो, एक कोडं सोडवा पाहू! एक गाव आहे. त्यात दोन हजार माणसं राहतात. गावात दवाखाना आहे, नाट्यगृह आहे, पोहायला तलावसुद्धा आहे. पण चूल कुणाच्याच घरात नाही. सगळं गाव बाहेरच जेवतं. आणि गंमत म्हणजे रात्री झोपलेलं हे गाव सकाळी उठतं, तेव्हा भलत्याच किनाऱ्याला लागलेलं असतं!

ओळखलंत? शाब्बास! हे गाव म्हणजे सहलीची मोठी बोट. हिलाच क्रूझ म्हणतात. आमच्या देवळाली प्रवरापासून समुद्र कितीतरी लांब. इथं भरपूर पाणी म्हणजे प्रवरेच्या कालव्याचं! तेव्हा तुम्ही म्हणाल, बोटीशी आपला काय संबंध? पण संबंध आहे, आणि तो थेट पोटातून जातो. कारण पुष्कळ माणसांना एकाच वेळी जेवायला कसं वाढायचं, हे कोडं बोटीला जसं पडतं तसंच लग्नाच्या मांडवालाही पडतं. उत्तरंही दोघांची सारखीच निघाली आहेत.

पहिली पंगत, दुसरी पंगत

समजा, बोटीवर दोन हजार प्रवासी आहेत आणि भोजनगृहात एका वेळी हजारच बसू शकतात. मग काय करायचं? आपण करतो तेच! पहिली पंगत उठली की दुसरी बसवायची. बोटीवरची जुनी पद्धत अशीच आहे. पहिली पाळी संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसरी साडेआठच्या आसपास. पाळी ठरलेली, टेबल ठरलेलं, टेबलावरचे सोबती ठरलेले आणि वाढणारेही ठरलेले. सहल सात दिवसांची असेल तर सातही रात्री तेच चेहरे समोर.

यात सोय मोठी असते. किती ताटं कधी लागणार, हे आचाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. वाढणाऱ्याला दुसऱ्या दिवशीच कळतं, की या आजोबांना तिखट चालत नाही आणि त्या मुलीला शेंगदाण्यांची ॲलर्जी आहे. शिवाय एकट्याने आलेल्या माणसाला आयतीच सोबत मिळते. पहिल्या दिवशी नुसतं हसणारे लोक शेवटच्या दिवशी एकमेकांचे पत्ते लिहून घेतात!

समुद्रावर जेवायचं म्हणजे आणखी एक पंचाईत असते. लाटा! पूर्वीच्या बोटींत जेवणाच्या खुर्च्या जमिनीला पक्क्या बसवलेल्या असत. समुद्र खवळला, की टेबलाला लाकडी पट्ट्यांची चौकट लावत, म्हणजे ताटल्या घरंगळून मांडीत यायला नकोत. आपल्या पंगतीत असलं संकट नाही. आपली पत्रावळ उडाली तर वाऱ्यानेच उडते!

बिगूल, कोट आणि काळा बो

१९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक बोटीचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. तिच्यावर जेवणाची वेळ झाली, की बिगूल वाजे. आपली शाळेची घंटाच म्हणा ना! पण बिगूल ऐकून सगळे एकाच ठिकाणी जेवायला जात, असं मात्र नाही. पहिल्या वर्गाचं भोजनगृह वेगळं, दुसऱ्याचं वेगळं, तिसऱ्याचं वेगळं. पदार्थही वेगवेगळे. जसं तिकीट तसं ताट!

पहिल्या वर्गातल्या प्रवाशांना रात्रीच्या जेवणासाठी खास पोशाख करावा लागे. पुरुषांना काळा कोट, पांढरा कडक सदरा आणि गळ्याला बो. बायकांना पायघोळ झगा आणि दागिने. त्या काळच्या मोठ्या बोटींवर पहिल्या आणि शेवटच्या रात्री मात्र यातून सूट असे. का बरं? पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या पुन्हा बांधून झालेल्या असत! पाहिलंत ना, कडक नियम करणाऱ्यांनाही अडचण कळली, की नियम थोडा वाकवता येत होता.

अठरा वर्षांचे दोन प्रवासी

आता असा विचार करा, की हे सगळे नियम आपले नाहीतच. काटे-चमचे कधी हातात धरलेले नाहीत. समोरच्या पदार्थांत मांस आहे की नाही, हे ओळखता येत नाही. विचारायची लाज वाटते. मग काय होईल?

असंच झालं होतं १८८८ साली. त्या वर्षी ४ सप्टेंबरला मुंबईहून एक अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर व्हायला बोटीने विलायतेला निघाला. काटे-चमच्यांची सवय नाही, इंग्रजी बोलायचा संकोच, आणि मांस खाणार नाही असं आईला वचन दिलेलं. कोणत्या पदार्थात मांस नाही, हे विचारायचा धीर त्याला होईना. म्हणून तो भोजनगृहात गेलाच नाही. बरोबर नेलेली मिठाई आणि फळं यांवरच त्याने मुख्यतः दिवस काढले, तेही आपल्या खोलीत बसून. बोटीवर त्याने काळा सूट वापरला आणि पांढरे फ्लॅनेलचे कपडे खास उतरायच्या दिवसासाठी राखून ठेवले. उतरून पाहतो तो काय, सप्टेंबरअखेरच्या त्या दिवसांत तसे पांढरे कपडे घातलेला तो एकटाच! बिचारा ओशाळला.

हा मुलगा कोण, ठाऊक आहे? मोहनदास गांधी! पुढे नेसूच्या पंच्यावर वावरलेले आणि कपड्यांवरून जराही न लाजणारे आपले गांधीजी. ही सगळी हकिकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

त्याच्याही पाच वर्षं आधी, म्हणजे १८८३ च्या एप्रिलमध्ये, कोलकात्याहून एक मराठी मुलगी बोटीत बसली. तिचंही वय अठराच. ती होती आनंदीबाई जोशी. नवरा बरोबर नाही, घरचं कुणी नाही. निघण्यापूर्वी तिने श्रीरामपूरला भाषण केलं. आमच्या शेजारचं श्रीरामपूर नव्हे हं, बंगालमधलं! मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, आपला आहार आणि पोशाख सोडणार नाही, असं तिने तिथे सांगितलं. ४ जूनला ती न्यूयॉर्कला पोहोचली.

पुढे फिलाडेल्फियाला शिकताना मात्र तिथल्या थंडीत नऊवारीने भागेना. पाय उघडे पडत. तेव्हा आनंदीबाईंनी अंग नीट झाकेल अशा गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. म्हणजे त्यांनी साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा तेवढी बदलली. लोक हसतात म्हणून नव्हे, तर थंडी वाजते म्हणून! ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. नियम कधी धरायचा आणि कधी सैल करायचा, हे या मुलीकडून शिकावं.

वाढणारे हात कुणाचे?

वाढणाऱ्यांना विसरून कसं चालेल? इंग्रजांच्या काळात मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर वाढण्याच्या आणि स्वयंपाकघराच्या कामाला गोव्याची पुष्कळ माणसं असत. बोट मिळेपर्यंत ही माणसं मुंबईत धोबी तलाव भागात राहत. तिथे गोव्यातल्या गावागावांनी आपापल्या माणसांसाठी राहायच्या जागा केल्या होत्या. त्यांना ‘कूड’ म्हणतात. ज्या काटे-चमच्यांनी पाहुणे घाबरत, ते कुठे कसे मांडायचे हे गोव्याच्या या माणसांना तोंडपाठ होतं! आजही जगभरच्या बोटींवर गोव्याची आणि आपल्या देशाची कितीतरी मुलं काम करतात. प्रवाशाचा नियम सैल झाला, तरी यांचा गणवेश मात्र रोज इस्त्रीचाच!

नियम सैल झाले

हळूहळू लोक कुरकुर करू लागले. दिवसभर किनाऱ्यावर भटकून यायचं आणि घड्याळाच्या काट्यावर जेवायला बसायचं? चार दिवसांच्या सुट्टीत काळा कोट बरोबर वागवायचा? मग २००० साली नॉर्वेजियन नावाच्या बोटकंपनीने नवी पद्धत काढली. हव्या त्या वेळी या, हव्या त्या भोजनगृहात जा, हव्या त्या माणसांबरोबर बसा. कोट-टायची सक्तीही नाही. ही पद्धत लोकांना आवडली आणि इतर कंपन्यांनीही आपापल्या परीने ती उचलली.

डिस्ने कंपनीने तर १९९८ पासूनच एक मजेदार तोड काढली होती. प्रवासी दर रात्री वेगळ्या भोजनगृहात जातात, पण त्यांचे वाढणारेही त्यांच्याबरोबरच तिथे जातात! म्हणजे जागा नवी, माणूस ओळखीचा.

जुनी पद्धत संपली मात्र नाही. क्यूनार्ड ही जुनी ब्रिटिश कंपनी आजही आपल्या बोटींवर काही रात्री थाटाच्या पोशाखाचा आग्रह धरते. ज्यांना नटायचं नसेल त्यांच्यासाठी साध्या कपड्यांत जेवायच्या जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. आणि ऐका, या थाटाच्या रात्री आपल्या देशाचा समारंभी पोशाखही चालतो. म्हणजे आनंदीबाई आज त्या बोटीवर असत्या, तर आपल्या नऊवारीत खुशाल मिरवल्या असत्या!

आपल्या मुंबई बंदरातून कॉर्डेलिया कंपनीची बोट २०२१ च्या सप्टेंबरपासून गोवा, लक्षद्वीप अशा सहलींना जाऊ लागली. तिच्यावर शाकाहारी आणि जैन जेवणाचीही सोय ठेवली गेली. मोहनदासला अशी बोट मिळाली असती, तर मिठाईवर दिवस काढावे लागले नसते!

मग चांगलं काय?

आता तुम्ही म्हणाल, नवी पद्धतच चांगली. थांबा, एवढी घाई नको. हवं तेव्हा या म्हटलं, की सगळे नेमके साडेसातलाच येतात आणि दाराशी रांग लागते! रोज नवा वाढणारा, त्याला रोज नव्याने सांगा, की शेंगदाणे नकोत. एकट्याने आलेला माणूस एकटाच जेवतो. आणि जिथे हाताने वाढून घ्यायचं असतं, तिथे डोळे पोटापेक्षा मोठे होतात. ताटात डोंगर आणि शेवटी अर्धा डोंगर टाकून द्यायचा!

आपल्या मांडवातही हेच चाललं आहे, नाही का? पंगत बसली, की श्लोक होईपर्यंत कुणी घास घेत नाही आणि शेजारच्याचं होईपर्यंत कुणी उठत नाही. वाढपी आग्रहाने बुंदी वाढतात. गोदावरीकाठच्या सरला बेटाचा सप्ताह आमच्या भागात फार मोठा. गावोगावच्या घरांतून भाकऱ्या येतात, आमटी तिथेच मोठमोठ्या कढयांत शिजते आणि पंगतीच्या पंगती उठतात. शेजारी कोण बसलं आहे, त्याच्याकडे जमीन किती, हे तिथे कुणी विचारत नाही. ही पंगतीची खरी श्रीमंती.

पण पंगतीची दुसरी बाजूही मुलांनो, तुम्हाला ठाऊक हवी. एके काळी आपल्याकडे जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसत. कुणाला मांडवाबाहेर बसवत. याला पंक्तिभेद म्हणत. टायटॅनिकवर तिकिटाने केलं, ते इथे जातीने केलं. आणि घरोघरी पाहा, पहाटेपासून राबणाऱ्या आई, काकू, आजी यांची पंगत कितव्यांदा बसते? पुष्कळ ठिकाणी आजही शेवटीच. तोवर आमटी गार आणि भाजी तळाला गेलेली!

बुफेत असा भेद नसतो, कुणीही कधीही ताट घ्यावं. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला एका हातात ताट धरून उभ्याने कसं जेवता येईल? लहानग्याला उंच टेबलावरचं भांडं कसं दिसेल? म्हणजे पंगत चांगली की बुफे, कडक पोशाख चांगला की साधा, याचं एकच उत्तर नाही. प्रत्येक नियमाला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, हा नियम का झाला? आणि दुसरा, याच्यामुळे उपाशी कोण राहतं, ओशाळतं कोण?

शाळेचा गणवेश घ्या. कुणाचे कपडे भारी, कुणाचे साधे, हे दिसू नये म्हणून तो चांगला. पण ज्याचा एकुलता एक गणवेश पावसात भिजला, त्याला वर्गाबाहेर उभं केलं, तर ज्या कारणासाठी गणवेश झाला तेच आपण विसरलो. शाळेत येणाऱ्याला शिकू द्यायचं, हा पहिला नियम. बाकीचे त्याच्या मागून.

आता एक काम. येत्या लग्नसराईत किंवा शाळेच्या वनभोजनाच्या दिवशी ताट घेण्यापूर्वी एकदा चहूकडे नजर फिरवा. कुणी कोपऱ्यात उभं आहे का? कसं खायचं, काय घ्यायचं, हे विचारायला कुणी लाजतंय का? बोटीवरच्या त्या मुलाला कुणी नुसतं म्हणालं असतं, ‘चल, माझ्याशेजारी बस, यात मांस नाही,’ तर त्याला खोलीत एकट्याने जेवावं लागलं नसतं. तुम्ही म्हणा. आणि घरच्या पुढच्या कार्यात आई-बाबांना सांगून पाहा, की यंदा स्वयंपाक करणाऱ्यांची पंगत पहिली आणि वाढायला आम्ही मुलं!