पाटीवरचा प्रश्नमंच

'कौन बनेगा करोडपती' 2000 साली सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनीही एक कोटी जिंकले. हा खेळ मुलांच्या ओळखीचा आहे, म्हणून परीक्षेआधी उजळणीसाठी वर्गात जरूर घ्यावा.

पण 'हॉट सीट' नको. एक मूल खुर्चीवर, बाकी सारे प्रेक्षक, आणि गप्प बसणारा गप्पच राहतो. प्रत्येकाच्या हाती पाटी द्यावी. अ, ब, क, ड पैकी एक अक्षर लिहायचे आणि शिक्षकांनी सांगताच सर्वांनी एकदम पाटी वर करायची.

खरी मेहनत पर्याय निवडण्यात आहे. आपली वैनगंगा कोणत्या नदीला मिळाल्यावर प्राणहिता म्हणवते? वर्धा, पैनगंगा, गोदावरी की नर्मदा? नाव सारखे वाटते म्हणून पुष्कळ मुले पैनगंगा लिहितील. उत्तर लगेच सांगू नये. दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलू द्यावे, हाच आपला 'फोन अ फ्रेंड'. पुन्हा पाट्या वर. तरी चुकले तर नकाशा उघडावा: पैनगंगा त्याआधीच वर्धा नदीला मिळालेली असते.

चुकणारा बाद होत नाही, बक्षीसही नाही. खर्च म्हणाल तर खडूचा. पालकांनी घरी गुण विचारू नयेत, आज कोणता प्रश्न अडला ते विचारावे.